दोन डब्यांमधला षड्ज

मेलवीदी, तंजावूर
२२ जानेवारी १९९६

चि. सुप्रभा,

पोटभर आशीर्वाद घे, आणि हे पत्र नवऱ्याला दाखवू नकोस. इकडे मला ती भीती नाही. या घरात देवनागरी वाचणारी मी एकटी. चेतनला आईची भाषा बोलता येते, वाचता येत नाही. सूनबाई संगीता मराठी ऐकून घेते आणि उत्तर तमिळमध्ये देते. पत्र उघडं टाकलं तरी चार ओळी कोणाला लागायच्या नाहीत. फोन हॉलमध्ये, तिथे सगळ्यांचे कान. कोपऱ्यावरचा एसटीडी बूथवाला तर आधी ऐकतो, मग बिल फाडतो. म्हणून हा कागद.

तू माझ्या दिराची लेक, लहानपणी माझा रेडिओ उघडलास आणि स्क्रू हरवलेस, आता पुण्यात त्याच कामाचा पगार घेतेस. तुलाच पुसते. कानात घालायची मशीन तिकडे मिळते का? लहानात लहान, अंबाड्याखाली लपेल अशी. गुपचूप पार्सल कर.

अय्यो, लिहिलं एकदाचं. माझे कान चाललेत, सुप्रभा.

मी कशी शिकवते ते तू पाहिलं आहेस. शनिवारी प्रत्येक मुलीचं गाणं जुन्या टेपवर भरून घ्यायचं, मग दुपारी हॉलमधल्या ऊंजलवर, झोपाळ्यावर, बसून एकटीनं ऐकायचं आणि वहीत चुका लिहायच्या. जुन्या टेपचा भोंगा फाटला, भरून तेवढा घेतो. म्हणून चेतननं आडी महिन्याच्या, म्हणजे आषाढातल्या, सेलमध्ये स्पीकरच्या दोन डब्यांचा स्टिरिओ आणला. दोन महिने काय गोड ऐकू आलं! मग दिवाळीच्या सुमारास वासुकीचं गाणं लावलं, तर मंद्रात, खालच्या सप्तकात, आवाज पोकळ. जणू कोणी स्वराचं पोटच काढून घेतलं.

वासुकी म्हणजे तिरुवैयारुची मुलगी, आठ वर्षं माझ्याकडे शिकते. यंदा तिरुच्ची रेडिओच्या ऑडिशनचा फॉर्म भरणार होती. मी तिला तोंडावर सांगितलं, "मंद्र पोकळ आहे तुझा. यंदा फॉर्म भरू नकोस." ती नमस्कार करून गेली. कार्तिकानंतर आलीच नाही.

पुढे बाकीच्या मुलीही पोकळ लागू लागल्या. सगळ्यांना झापलं. शेवटी पोंगलच्या दिवशी माझीच बारा वर्षांपूर्वीची कॅसेट लावली. तीही पोकळ! तेव्हा डोक्यात उजेड पडला. पोरी नव्हेत, मीच.

आता त्या मुलीचं काय? तिचा मंद्र खरा कसा आहे ते मला कळेना. तिला सांगायला जावं तर कान गेल्याचं सांगावं लागेल, आणि गाण्याच्या टीचरचे कान गेले असं तिरुवैयारुत एकाला कळलं की त्यागराजांच्या आराधनेला येणाऱ्या गावभराला कळलं म्हणून समज. तेवढं धैर्य नाही मजजवळ. फॉर्मची शेवटची तारीख ३१ मार्च. त्याआधी एकदा मशीन लावून तिची कॅसेट ऐकायची आहे, तेवढंच. मग क्लास बंद करीन म्हणते.

तुझी
राजमकाकी


पुणे
३ फेब्रुवारी १९९६

राजमकाकी,

लांबून वाकून नमस्कार. पत्र नवऱ्याला दाखवलं नाही. त्यानं पाकीट पाहून विचारलं, "काकी काय म्हणतात?" मी म्हटलं, "डांगर पच्चडी केलीय म्हणतात." तेव्हा पुढच्या पत्रात कृती पाठवा, नाहीतर पकडली जाईन.

मशीन पाठवणार नाही. रागवा खुशाल. कानाची तपासणी झाल्याशिवाय ती मशीन म्हणजे दुसऱ्याचा चष्मा. मेडिकल कॉलेजात कानाचे डॉक्टर असतील, त्यांच्याकडे जा म्हटलं तर तुम्ही जाणार नाही, हेही ठाऊक आहे. म्हणून तोवर माझ्या धंद्याप्रमाणे चालू द्या.

मी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर बसते. रोज कोणीतरी सेट ठेवतं आणि विचारतं, "मॅडम, आत कोणी माणूस आहे का?" मी म्हणते, आहे, मीच. मग ते सांगतात, आयसी उडालाय, ट्रान्सफॉर्मर जळलाय. मी ऐकून घेते आणि आधी प्लग बघते. दहातले चार तिथेच निघतात. माझा साहेब म्हणतो, बिघाड आधी स्वस्त जागी शोधावा. तुम्ही तर पहिल्या फटक्यात सगळ्यात महाग जागी हात घातलात.

तुमच्या सेटचं टेपहेड मळलं असेल असा माझा पहिला संशय. काडीला कापूस गुंडाळा, औषधाच्या दुकानातलं स्पिरिट घ्या, आणि कॅसेटचं दार उघडून आतला चकचकीत भाग हलक्या हातानं पुसा. इथे मी "पुसते" म्हटलं की शेजारीण फडकं आणून देते, पण आता खरंच पुसायचं आहे.

आणि मला नीट कळवा. आवाज कुठे बसल्यावर पोकळ लागतो? स्वयंपाकघरातून कसा लागतो? मुली समोर बसून गातात तेव्हाही पोकळ लागतो का? डबे कुठे टांगलेत? "सगळं पोकळ आहे" असं एका ओळीत लिहू नका, मी तुम्हाला ओळखते.

तुमची
सुप्रभा


तंजावूर
१३ फेब्रुवारी १९९६

चि. सुप्रभा, शहाणे,

हेड पुसलं. स्पिरिटचा वास घरभर झाला. संगीता धावत आली, कोणाला लागलं म्हणून. मी म्हटलं, गुडघ्याला लावलं. आता ती रोज गुडघा विचारते आणि मला लंगडावं लागतं. फायदा शून्य. पोकळ ते पोकळच.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं घे. चेतननं एक डबा रस्त्याच्या खिडकीवर लावला, दुसरा समोर देवघराच्या दारावर. दोघांची तोंडं समोरासमोर. ऊंजल बरोबर मधे. ऊंजल आपली या डब्याकडून त्या डब्याकडे जाते येते.

आता ऐक, किती विचित्र ते. स्वयंपाकघरातून आवाज बरा लागतो. ऊंजल खिडकीकडे गेली की स्वर भरतो. देवघराकडे गेली की भरतो. मधे आली की गेला! तंबोऱ्याचा खर्ज तर मधे आल्यावर कोणी तोंडावर हात ठेवावा तसा बंद. झोका थांबवून मधोमध बसलं की मंद्र षड्ज नाहीच. म्हातारपणी कानही लहरी झालेत, दुसरं काय.

समोर बसून पोरी गातात तेव्हा बरं लागतं. पण त्याला काही अर्थ नाही. समोर तोंड दिसतं, ओठ दिसतात, स्वर कुठे जाणार ते मला आधीच ठाऊक असतं, मन आपलं भरून काढतं. वासुकीही समोर गायची तेव्हा मला वाटायचं, काय खोल मंद्र आहे पोरीचा! पण टेपवर वेगळंच. म्हटलं, मी माणूस, माया करते. मशीन कशाला खोटं बोलेल? जपानी भाग घातलेत आत, चेतन म्हणाला.

काल सकाळी बाजारात वासुकीची आई भेटली. म्हणाली, पोर कंप्यूटरच्या क्लासला जाते आता, गाणं बंद केलंय, तंबोऱ्याला गवसणी घातलीय. मी बरं म्हटलं आणि वांगी न घेताच घरी आले.

डांगर पच्चडीची कृती: उडदाचं पीठ भाजून दह्यात कालव, मीठ हिंग घाल, वरून मोहरी मिरचीची फोडणी. नवऱ्याला सांग, काकी बरी आहे.

राजमकाकी


पुणे
२१ फेब्रुवारी १९९६

काकी! काकी! काकी!

ऑफिसात तुमचं पत्र वाचलं आणि काउंटरवर हात आपटला. समोरचं गिऱ्हाईक घाबरलं.

कान ऊंजलबरोबर बिघडतात का हो कधी? मध्ये आल्यावर बहिरे आणि टोकाला गेल्यावर बरे? तुमचे कान टुणटुणीत आहेत. बिघाड डब्यांत आहे. नुसता बिघाडसुद्धा नाही, वायर उलटी लागली आहे.

समजावून सांगते. डब्यात एक पडदा असतो, कागदाचा. तो पुढे मागे हलतो, हवा ढकलतो, त्याचा आवाज होतो. तुमच्या जुन्या टेपवर भरलेलं गाणं दोन्ही डब्यांत अगदी एकसारखं जातं. तेव्हा दोन्ही पडदे एकाच क्षणी पुढे यायला हवेत आणि एकाच क्षणी मागे जायला हवेत. एका डब्याच्या दोन वायरी उलट लागल्या, की एक पडदा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. एक हवा ढकलतो, दुसरा ओढतो. ऊंजलवर लहान मूल बसवून एकानं ढकलावी आणि त्याच क्षणी दुसऱ्यानं तिकडून धरून ठेवावी, तसं. मूल जागच्या जागी. बरोबर मध्ये ही भांडाभांड सगळ्यात जास्त, आणि खालच्या सुरांत सगळ्यात जास्त, म्हणून तुमचा मंद्र षड्जच नेमका मरतो. डब्याजवळ गेलं की एकाचंच राज्य, म्हणून तिथे भरतो. आम्ही याला फेज उलटी म्हणतो.

आणि काकी, हे नव्वद टक्के लोकांना ऐकू येत नाही. चेतनला आलं नाही, संगीताला आलं नाही. आमच्याकडे आलेले मोठे साहेब लोक उलट्या फेजवर वर्षभर गाणी ऐकतात आणि छान छान म्हणतात. तुम्हाला आलं. ज्या कानांना तुम्ही शिव्या देता आहात, त्यांनीच चोर पकडलाय.

उपाय दोन मिनिटांचा. सेट बंद करा. डब्याच्या मागे दोन वायरी आहेत, त्यांची अदलाबदल करा. या चिमट्यातली त्यात, त्यातली यात. बस्स. मग मधोमध बसा आणि वासुकीची कॅसेट लावा. आणि मला लगेच कळवा, माझा जीव टांगलाय.

सुप्रभा


तंजावूर
८ मार्च १९९६

चि. सुप्रभा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी देवाला दोन केळी जास्त ठेवली. चेतन बँकेत, संगीता माहेरी गेलेली. दुपारी स्टूल घेतलं, चढले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी गुडघा खरोखर दुखावला, म्हणजे तेवढं खोटं तरी खरं झालं. डब्यामागे दोन दोन चिमटे, सगळ्यांना कुंकू. वायरी काढल्या, उलट लावल्या. खिडकीवरच्या डब्याच्या केल्या, मग स्टूल ओढत देवघराकडे नेलं, त्याच्याही केल्या. एकाचं करायचं आणि दुसऱ्याचं नाही, म्हणजे पंक्तिभेद. आपल्या घरात वाढताना कधी केला नाही, डब्यांत कशाला करू?

मग हातपाय धुऊन मधोमध बसले. वासुकी लावली.

पोकळ. तस्सं पोकळ. तसूभर फरक नाही.

तीनदा ऐकलं. तू लिहिलेलं पुन्हा वाचलं. काय सुंदर समजावलंस गं, मला लहान मुलासारखी आशा लागली होती. पण आता पुरे. डबे बरोबर आहेत, वायरी बरोबर आहेत, जपानी भाग बरोबर आहेत. चूक माझी. काकीचं मन राखायला तू पंधरा ओळी लिहिल्यास, त्यात प्रेम होतं हे कळलं.

ठरवून टाकलं आहे. तमिळ वर्षप्रतिपदेला, १४ एप्रिलला, मुलींना पायसम खाऊ घालीन आणि क्लास बंद म्हणून सांगीन. कारण गुडघा. गुडघा बरा सापडला. पस्तीस वर्षं शिकवलं, पुष्कळ झालं. वासुकीला मात्र काही सांगता येत नाही, तेवढं काळजाला लागून राहिलं आहे. आठ वर्षं पहाटेच्या बसनं यायची, पावसात कावेरीचं पाणी रस्त्यावर आलं तरी यायची, आणि मी तिला एका वाक्यात घरी बसवलं.

या विषयावर पुन्हा लिहू नकोस. पोराबाळांचं लिही.

राजमकाकी


पुणे
१४ मार्च १९९६ (स्पीड पोस्ट)

काकी,

लिहू नकोस म्हणालात तरी लिहिते. पंक्तिभेद करा! देवाशपथ, या वेळी पंक्तिभेदच करा!

चूक माझी, शंभर वेळा माझी. "एका डब्याच्या" असं मी उपायाच्या ओळीतही लिहायला हवं होतं. डोक्यात होतं, कागदावर आलं नाही. रोज ज्यांना ठाऊक आहे अशांशीच बोलायची सवय. तुम्ही दोन्ही डबे उलटे केलेत. आधी एक सरळ, एक उलटा होता. आता जो सरळ होता तो उलटा झाला आणि उलटा होता तो सरळ. भांडण तिथल्या तिथे, फक्त बाजू बदलल्या! फरक पडला नाही तो यामुळे. म्हणजे पाहा, फरक पडला नाही हेसुद्धा तुमच्या कानांनी बरोबर सांगितलं. कान खोटे असते तर आशेपायी एखाद्याला भरल्यासारखा वाटला असता.

आता दुसरं. सगळ्या चिमट्यांना कुंकू, असं तुम्ही सहज लिहून गेलात. मी खुर्चीतून उठले. डब्याच्या मागे एक चिमटा लाल असतो आणि एक काळा. लाल प्लस, काळा मायनस. वायर लावणारा त्यावरूनच ओळखतो. तुम्ही कुंकू कधी लावलंत? दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला ना? डबे उतरवले, पुसले, चंदन कुंकू लावून सरस्वतीपुढे वीणेशेजारी ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी चेतननं परत टांगले. आडीपासून दोन महिने आवाज गोड होता आणि दिवाळीत पोकळ झाला, मधे आयुधपूजाच येते. काकी, तुम्ही काळ्या चिमट्यालाही सवाष्ण केलंत! चेतन बिचारा लाल बघून लावायला गेला, तर सगळेच लाल. एक डबा नशिबानं बरोबर लागला, एक उलटा.

आता नीट करा. चेतनला सांगा, तुम्ही स्टुलावर चढू नका. ओलं फडकं घेऊन चिमटे पुसा, खालचा रंग दिसेल. सेटच्या मागेही लाल काळे चिमटे असतील, तेही पुसा. वायरीच्या एका तारेवर रेघ असते. रेघेची तार दोन्ही टोकांना लालमध्ये, बिनरेघेची काळ्यात.

खात्री करायची असेल तर टॉर्चमधला एक सेल घ्या. सेटकडच्या वायरी सोडवा. रेघेची तार सेलच्या टोकाला, दुसरी बुडाला, क्षणभर टेकवा. डब्यात टक् होईल. जाळी काढून पडदा बघा, तो बाहेर उडी मारतो का आत जातो. दोन्ही डब्यांचे बाहेर आले म्हणजे दोघं एका मनाचे. हे डोळ्यांनी दिसतं, त्याला कान लागत नाहीत. तुमचा कानांवर विश्वास नाही तर डोळ्यांवर ठेवा.

आणि रागावून सांगते, तुमची पुतणी आहे म्हणून. समोर बसून वासुकीचा मंद्र खोल आहे हे तुम्हाला ऐकू आलं होतं. पस्तीस वर्षांच्या कानांपेक्षा आडीच्या सेलमधल्या डब्यावर तुम्ही जास्त विश्वास ठेवलात. मी डबे दुरुस्त करून पोट भरते, मी सांगते, डबे खोटं बोलतात. ३१ तारखेला सतरा दिवस आहेत.

सुप्रभा


पुणे
९ एप्रिल १९९६

ती. काकी,

तुमच्याकडून ओळ नाही. मी रागावून लिहिलं ते लागलं का? लागलं असेल तर कान पकडते, माझे.

काल न राहवून फोन केला. चेतननं उचलला. म्हणाला, "अम्मा नाही, तिरुवैयारुला गेली. मार्चात दहा दिवस रोज सकाळी जायची, बस धरून. आजही गेली." का, म्हटलं, तर म्हणाला, "कुणास ठाऊक, गुडघ्याच्या वैद्याकडे असेल." मी बरं म्हणून फोन ठेवला. तुमचं गुपित अजून माझ्यापाशीच आहे. पण काकी, मला झोप नाही. १४ एप्रिलला क्लास बंद करणार आहात की नाही, एवढं एका कार्डावर लिहा.

सुप्रभा


तंजावूर
१६ एप्रिल १९९६

चि. सुप्रभा, माझे बाये,

कान सोड. तू रागावलीस ते ठीकच केलंस. या घरात मला रागावणारं कोणी उरलं नव्हतं, म्हणूनच मी एवढी चुकले.

उत्तर लिहिलं नाही कारण लिहायला तोंड नव्हतं. आधी ते काम निस्तरू दे, मग लिहीन म्हटलं. आता सगळं सांगते.

तुझं पत्र २० तारखेला आलं. चेतनला सांगितलं, चिमटे पुसायचे आहेत. तो म्हणाला, कशाला? मी म्हटलं, कुंकू फार झालं. पुसलं तर खालून काळा चिमटा निघाला. सेल टेकवला. खिडकीवरच्या डब्याचा पडदा आत गेला, देवघरावरचा बाहेर उडाला. चेतन बघतच राहिला. मी त्याला म्हटलं, एकाच डब्याच्या उलट, दुसऱ्याला हात लावशील तर बघ!

मग मधोमध बसले. वासुकी लावली. सुप्रभा, काय सांगू! ती मंद्र पंचमावरून पायरी पायरी उतरत षड्जावर आली आणि तो स्वर माझ्या पाठीच्या कण्यातून गेला. भरलेला, गोल, जमिनीला टेकलेला. मी पदर तोंडात धरून रडले. कान परत मिळाले म्हणून आनंदानं रडले आधी, आणि मग मुलीला काय करून बसले म्हणून रडले. संगीतानं विचारलं, गुडघा का? मग मी तिला सगळं सांगून टाकलं, तमिळमध्ये, गुडघ्यासकट. तीही रडली. म्हणाली, अम्मा, मला तर दोन्ही सारखंच ऐकू आलं! मला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिरुवैयारुला गेले. तिच्या आईनं फिल्टरची कापी दिली. वासुकी आली, नमस्कार केला, लांब बसली. मी तिला सांगितलं, तुझा मंद्र पोकळ नव्हता, माझा डबा उलटा होता. मला वाटलं, पोर उडी मारील. ती खाली बघून म्हणाली, "पर्वा नाही टीचर, राहू दे. मलाही आता पोकळच ऐकू येतो. तुम्ही म्हणालात तेव्हापासून मी गाते तेव्हा तेवढंच ऐकू येतं."

हे कुठल्या फडक्यानं पुसायचं, सांग? त्याला तुझ्या साहेबाकडे उपाय आहे का? मी बोललेलं वाक्य तिच्या कानात बसलं होतं.

रोज गेले. कधी ती कंप्यूटर क्लासला गेलेली असे, मी ओट्यावर बसून राही. कधी असे, पण गाईना. मी समजावलं, रागावले, तू गाणार नसशील तर मीही क्लास सोडते म्हटलं, माफी मागितली. हो, मागितली. तिच्या आईच्या देखत हात जोडले. पोर घाबरून उठली, पण गायली नाही.

नवव्या दिवशी, २९ तारखेला, मी समजावणं सोडून दिलं. तिच्या तंबोऱ्याची गवसणी काढली, तारा लावल्या आणि म्हटलं, "आज तू टीचर. मी गाते, तू वहीत चुका लिही." आणि गायले. चार महिने गळ्याला ऊन लागलं नव्हतं, काय गायले असेन ते देवाला ठाऊक. ती भिंतीला टेकून ऐकत होती. वर गेले, पंचमावर थांबले, तेव्हा तिची मान जराशी हलली. मी गाणं थांबवलं. "काय झालं? सांग." ती म्हणे, काही नाही. "सांग म्हणते ना!" तेव्हा हळूच बोलली, "टीचर, पंचम जरासा उतरतो."

मी पुन्हा लावला. ऐकला. खरंच उतरला होता, केसभर. आठ वर्षं मीच तिला तो केसभर ऐकायला शिकवलं होतं, तिनं ऐकला, आणि तिनं सांगितल्यावर मलाही ऐकू आला. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! गळा म्हातारा झाला तर होऊ दे. मी म्हटलं, "बरोबर. आता हेच कान घे आणि तुझा मंद्र ऐक. मी काय म्हणाले ते ऐकू नकोस." डोळे मिटून बसले. बराच वेळ नुसता तंबोरा वाजला. मग ती षड्जावर उतरली. आधी भीत भीत, मग टेकली. तिनं तो लांबवला, श्वास सरेपर्यंत लांबवला, आणि संपल्यावर स्वतःच म्हणाली, "आहे."

३१ला रविवार, म्हणून ३०लाच तिरुच्चीला जाऊन फॉर्म द्यायचा होता. दोघी गेलो, तिथेच बसून तिनं भरला. मी अजूनही मधूनमधून जाते, मंद्राची उजळणी करायला. ऑडिशन जूनमध्ये, निकाल काय लागेल तो लागो, त्याची मला आता धास्ती नाही.

१४ तारखेला पायसम केलं, मुलींना खाऊ घातलं. क्लास बंद म्हणून सांगितलं नाही. कारण फॉर्ममध्ये एक रकाना होता, सध्या कोणाकडे शिकता. वासुकीनं पेन तिथे नेऊन थांबवलं आणि माझ्याकडे न बघता पुसलं, "टीचर, क्लास सोडताय म्हणे. 'सध्या' म्हणजे काय लिहू?"

मी म्हटलं, "माझं नाव लिही, आणि शनिवारी सहाच्या बसनं ये."

तुझी
राजमकाकी